अण्णांचा एक्स-रे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘साठीनंतरचं आरोग्य’. मी विषय बदलतोय, त्याबद्दल त्यांनी रागावू नये. सकाळी चालावं, मीठ कमी खावं, रात्री लवकर झोपावं हे तुम्हाला रोज मोबाइलवर येतं, आणि ते पाठवणारे बहुतेक आपल्याच वर्गातले असतात. त्यात मी आणखी काय भर घालणार?

विषय बदलायचं खरं कारण काल रात्रीचं आहे. जेवणं झाल्यावर आपण सगळे अंगणात गप्पा मारत बसलो होतो, तेव्हा आपल्यातल्या एकानं मला बाजूला घेतलं. नाव सांगणार नाही. त्याच्या थोरल्या भावाला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, मुंबईत उपचार चालू आहेत. गेल्या आठवड्यात नवा एक्स-रे काढला, त्यात हृदय मोठं झाल्याचं लिहून आलं. तो मला म्हणाला, “आधी फुफ्फुस, आता हृदय पण गेलं. म्हणजे आता संपलंच ना रे?” मी त्याला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि खोलीवर गेलो. रात्रभर झोप लागली नाही. कारण हाच प्रश्न ३५ वर्षांपेक्षा जास्त काळ माझ्या मागे आहे, आणि पहिल्यांदा तो समोर आला तेव्हा मी त्याचं उत्तर चुकवलं होतं.

माझे वडील तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असतील. खाडीतल्या होडीवर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो आणि गावही अण्णाच म्हणायचं. दाभोळला जाताना शाळेच्या पोरांकडून ते पैसे घेत नसत, त्यामुळे आपल्या वर्गाचा त्यांच्यावर विशेष लोभ होता. काटक माणूस. उधाणाच्या दिवसांतसुद्धा ते सुकाणूवर असले की बायामाणसं निर्धास्त बसायची. आणि तोंडात बिडी. वारा कितीही असला तरी ओंजळीत काडी पेटवायची त्यांची हातोटी होती. ती शिकायचा प्रयत्न आपल्यातल्या काहींनी किल्ल्याच्या तटामागे केलेला आहे. गुरुजी समोर बसलेत, म्हणून तेही नावानिशी सांगत नाही.

१९८८ सालची गोष्ट. मी मुंबईत एमबीबीएस संपवून इंटर्नशिप करत होतो. आपल्या शाळेतून दहावी होऊन गेलेला पोरगा डॉक्टर झाला, याचा गावाला कोण अभिमान! माघ महिन्यात आईनं कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं. अण्णांना बंदरावरून घराकडची चढण चढवत नाही. मध्ये दोनदा बसतात. रात्री आडवे झाले की जीव घाबरतो, म्हणून पडवीत खांबाला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपतात. पत्रापाठोपाठ गावातला एकजण रात्रीच्या एसटीनं मुंबईला आला, त्याच्या हाती चिपळूणला काढलेला छातीचा एक्स-रे. प्रवासात जपून राहावा म्हणून आईनं तो कॅलेंडरसारखा गुंडाळून, वर सुतळी बांधून दिला होता.

मी ती फिल्म हॉस्टेलच्या खिडकीच्या काचेला लावली. हृदय केवढं मोठं! छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून कितीतरी जास्त. १९१९ साली डॅन्झर नावाच्या डॉक्टरनं हे मोजमाप सांगितलं: हृदयाची सावली छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा मोठी असेल, तर हृदय वाढलं समजावं. आम्ही ते पाठ केलं होतं. माझ्या मनात लगेच उत्तर तयार झालं. वय अठ्ठावन्न, बिड्या, दम, झोपताना त्रास, पायाला थोडी सूज. हृदय थकलंय, पाणी साठतंय. मी पत्र लिहिलं, सोबत औषधाची चिठ्ठी: रक्तदाबाची एक गोळी, लघवी जास्त होण्याची एक गोळी, मीठ बंद. आणि खाली मोठ्या ऐटीत लिहिलं, काळजी करू नका, शिमग्याला येतो तेव्हा तपासतो.

कुणालाही विचारलं नाही. आमच्या वॉर्डात त्या विषयात आयुष्य घालवलेले सर रोज सकाळी यायचे. त्यांना फिल्म दाखवायला पाच मिनिटं लागली असती. पण आपल्या बापाचा एक्स-रे आपल्याला वाचता येतो, हे मला स्वतःलाच दाखवायचं होतं.

इथे जरा थांबून हृदय ‘मोठं’ होतं म्हणजे काय ते सांगतो.

एक्स-रेत आपल्याला हृदय दिसत नाही, हृदयाची सावली दिसते. रक्त, मांस आणि पाणी या तिन्हींची सावली एकाच रंगाची पडते. तुमच्यापुढे शहाळं ठेवलं आणि विचारलं की आत पाणी किती आणि मलई किती, तर नुसतं बाहेरून बघून सांगता येईल का? आपले नारळवाले वाजवून सांगतात, तेही कधी कधी फसतात. एक्स-रे वाजवता येत नाही. ‘हृदय मोठं’ याचा अर्थ एवढाच की बाहेरची रेषा मोठी आहे. ती कशामुळे मोठी आहे, हे त्या रेषेत लिहिलेलं नसतं.

कधी ती रेषा खोटीही असते. पेशंट झोपून असेल, उठवता येत नसेल, तर प्लेट पाठीखाली ठेवून पुढून एक्स-रे काढतात. लहानपणी कंदिलासमोर हात धरून आपण भिंतीवर सावल्या पाडायचो. हात भिंतीपासून दूर नेला की सावली मोठी व्हायची. तसंच. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं, प्लेट पाठीमागे गेली की सावली फुगते. दम लागलेल्या माणसाला पूर्ण श्वास घेता आला नाही तरी ती रुंद दिसते. कॅन्सरच्या अंथरुणावरच्या पेशंटचे एक्स-रे बऱ्याचदा असेच निघतात. म्हणून रिपोर्ट वाचण्याआधी तो उभ्यानं काढला की झोपवून, हे विचारायचं.

कधी हृदय खरंच वाढलेलं असतं. जुना रक्तदाब, पूर्वी येऊन गेलेला झटका, लहानपणच्या सांधेतापानं खराब झालेली झडप. तंबाखू फुफ्फुस जाळते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्याही बुजवते, त्यामुळे फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या माणसाला हृदयाचा वेगळा आजार असणं मुळीच दुर्मीळ नाही. त्यात धुरानं खराब झालेल्या फुफ्फुसांतून रक्त ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं तो जोर लावून उजवा कप्पा जाड होतो, मग फुगतो, पाय सुजतात. काही वेळा उपचारांचाही भार पडतो. छातीवर दिलेल्या किरणांचा परिणाम हृदयावर काही वर्षांनीसुद्धा दिसतो. कॅन्सरच्या काही औषधांनी थोड्या लोकांत हृदयाचं आकुंचन मंदावतं. अलीकडच्या, प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या औषधांनी क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. कॅन्सरवर उपचार करणारे डॉक्टर मधूनमधून हृदयाची तपासणी सांगतात ती यासाठी. पैसे उकळायला सांगतात असं आपल्यातले काही म्हणतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि कधी हृदय जिथल्या तिथे, जेवढ्यास तेवढंच असतं. वाढलेलं असतं ते त्याच्या भोवतीचं पाणी.

हृदयाला एक पिशवी असते, हृदयावरण. दोन पातळ पदर आणि मध्ये वंगणापुरतं पाणी, चार-सहा चमचे किंवा त्याहूनही कमी. फुफ्फुसाच्या मुळाशी, छातीच्या मध्यात ज्या गाठी असतात, त्यांच्यात कॅन्सर शिरला की या पिशवीतलं पाणी वाहून जाण्याच्या वाटा बंद होतात. कधी कॅन्सरच्या पेशी स्वतःच त्या पदरावर येऊन बसतात. मग पाणी साठायला लागतं. कॅन्सरमुळे हृदयाभोवती पाणी होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण फुफ्फुसाचा कॅन्सर हेच आहे.

आता या पिशवीचा स्वभाव बघा. नव्या चामड्याच्या चपलेसारखी आहे. सावकाश ताणली तर ताणते, एकदम ताणली तर अजिबात दाद देत नाही. हळूहळू साठलं तर लिटरभर पाणीसुद्धा मावतं आणि माणूस दम लागतोय म्हणत हिंडत राहतो. भराभर साठलं तर एक फुलपात्रभर पाण्यानं जीव जाऊ शकतो. कारण बाहेर वाव नसला की पाणी आत दाबतं. हृदय आकुंचन पावायचं काम करत असतं, पण त्याला फुलायला, रक्त भरून घ्यायला जागाच उरत नाही. रिकामं भांडं कितीही जोरानं उपडं केलं तरी त्यातून काय पडणार?

अशा हृदयाला भरून घेण्यासाठी एकच आधार असतो. शरीराकडून परत येणाऱ्या रक्ताचा दाब. मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या दिसतात त्या याच दाबामुळे. आणि मी अण्णांना काय लिहून दिलं होतं? लघवी जास्त होण्याची गोळी. अंगातलं पाणी काढणारी. उजवा कप्पा सुजून जे दमतात त्यांना ती गोळी बरं वाटवते. पिशवीत पाणी साठलेल्याला ती बुडवते. भरून घ्यायला जो थोडा दाब शिल्लक होता, तोच मी माझ्या चिठ्ठीनं काढून घेतला.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात अण्णा होडीवर चक्कर येऊन पडले. नशीब, होडी बंदराला लागली होती. माझ्या काकांनी आणि शेजाऱ्यांनी त्यांना रात्रीच्या गाडीनं मुंबईला आणलं. मागच्या सीटवर, दोन माणसांच्या मध्ये बसवून, कारण आडवं करता येत नव्हतं. गुहागरपासून मुंबईपर्यंतचा तेव्हाचा रस्ता तुम्हाला माहीत आहे.

सर आले. त्यांनी एक्स-रे मागितला नाही. अण्णांच्या मनगटावर बोटं ठेवून ते नुसते उभे राहिले, मला वाटतं दोन मिनिटं. मग मला म्हणाले, “तू बघ.” मी नाडी धरली. अण्णांनी श्वास आत घेतला की नाडी बोटाखालून निसटत होती, सोडला की परत येत होती. आत घेतला, गेली. सोडला, आली. सरांनी विचारलं, “काय?” माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुस्तकात वाचलं होतं. जर्मनीच्या कुसमाउलनं १८७३ साली लिहून ठेवलेलं लक्षण, परीक्षेत मी त्यावर टिपण लिहिलं होतं. माझ्या बापाच्या हातावर ते पहिल्यांदा भेटलं.

असं का होतं? एका खाटेवर दोन भाऊ झोपलेत असं समजा. एक कुशीवर वळून ऐसपैस झाला की दुसरा कडेला ढकलला जातो. श्वास आत घेतला की छातीत रक्त ओढलं जातं आणि हृदयाची उजवी बाजू भरते. पिशवी सैल असेल तर काही बिघडत नाही. पण बाहेरून पाण्यानं आवळलेलं असेल, तर उजवी बाजू मधली भिंत डावीकडे ढकलते. डाव्या बाजूला कमी रक्त मिळतं आणि अंगाला रक्त पुरवते ती डावी बाजू. म्हणून नाडी बसते.

मग अण्णांना इकोसाठी नेलं. इको म्हणजे आवाजाच्या लहरींनी हृदय बघणं, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या. बंदरावर वाढलेल्या माणसांना या यंत्राची एक गोष्ट आवडेल. स्वीडनमधले एडलर नावाचे डॉक्टर आणि हेर्ट्झ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ, दोघांना आवाजानं हृदय बघता येईल का याचं वेड लागलं. त्यांनी पहिला प्रयोग केला तो माल्मो इथल्या जहाज बांधणीच्या कारखान्यातलं यंत्र वापरून. जहाजाच्या पोलादात कुठे भेग आहे का ते तपासायचं यंत्र. १९५३ साली त्यांना धडधडत्या हृदयाचं पहिलं चित्र मिळालं. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या फायगनबॉम यांनी दाखवलं की हृदयाभोवतीचं पाणी ओळखायला यासारखं साधन नाही. एक्स-रेत जे सगळं एकसारखं दिसतं, ते इथे वेगळं होतं. पाणी काळं, हृदय राखाडी. शहाळं फोडल्याशिवाय आत दिसतं.

अण्णांचं हृदय मला त्या पडद्यावर दिसलं. चांगलं होतं. आकारानं नेहमीएवढं. काळ्या पाण्यात ते होडीसारखं डुलत होतं. मी महिनाभर ज्याला मोठं हृदय म्हणत होतो, ते मोठं नव्हतंच.

छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी बधिर करून सरांनी सुई घातली, मग तिच्या वाटेनं बारीक नळी. लालसर, कोऱ्या चहासारखं पाणी येऊ लागलं. पहिलं शंभर मिलिलिटर निघालं आणि अण्णांनी डोळे उघडून मोठा श्वास घेतला. दोनशेला त्यांच्या मानेच्या शिरा खाली बसायला लागल्या. एकूण नऊशेच्या आसपास निघालं. नाडी सलग लागत होती. अण्णांनी बाटलीकडे बघितलं आणि मला म्हणाले, “होडीत पानी भरलंवतं म्हण की. मंग उपसायला इतकं दिस का लावलंस?”

ते हसत म्हणाले होते. मी आजपर्यंत त्याच्यावर हसू शकलेलो नाही.

मग सरांनी तो एक्स-रे मागितला, तोच, सुतळी बांधलेला. उजेडाच्या पेटीवर लावला, हृदयावर स्वतःचा तळहात ठेवून ते झाकलं आणि म्हणाले, “आता काय दिसतंय?” हृदय झाकल्यावर उजव्या बाजूला, फुफ्फुसाच्या मुळाशी, सुपारीएवढी पांढरी गाठ स्पष्ट दिसली. ती महिनाभरापूर्वीही तिथेच होती. मोठी चूक डोळ्यात भरली की लहान दिसत नाही, तसं मोठ्या हृदयानं माझे डोळे भरले होते. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या.

नंतरचं थोडक्यात सांगतो. पाणी पाच आठवड्यांनी परत साठलं. असं पाणी पुष्कळदा परत येतं. सर्जननी पिशवीला एक झरोका करून दिला, म्हणजे पाणी अडून न राहता बाजूच्या पोकळीत जाऊन जिरावं. केमोथेरपीच्या काही फेऱ्या झाल्या. तेव्हाची औषधं फार कडक होती, उलट्यांवर आजच्यासारखे उपायही नव्हते. मे महिन्यात ते गावी परतले, पावसाळा पडवीत काढला, या वेळी आडवे झोपून. गणपती घरी आले ते त्यांनी पाहिले, आरतीला उभे राहिले. विसर्जनानंतर पंधरा दिवसांत गेले.

माझी चिठ्ठी नसती तर अण्णा वाचले असते का? नाही. कॅन्सर पिशवीपर्यंत पोचला होता आणि १९८८ मध्ये त्याला उत्तर नव्हतं. हे मला सरांनी बसवून समजावलं आणि ते खरं आहे. पण तो एक महिना, खांबाला टेकून काढलेल्या त्या तीस रात्री, त्या तरी मी वाचवू शकलो असतो. मी पुढे छातीच्या विकारांचाच डॉक्टर झालो, त्याचं कारण लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी दुसरं सांगतो. आज शाळेत उभा आहे, इथे खोटं बोलायची सवय नाही.

बिडीबद्दल बोललो नाही तर ते अर्धवट राहील. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, पानाची असते, देशी असते, असं मी अजूनही ऐकतो, आणि आपल्या बंदरावरच नाही तर शिकल्या-सवरल्यांकडूनही. मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीनं देशातली पहिली कॅन्सरची नोंदवही सुरू केली. त्या कामाचे प्रमुख डॉ. जस्सावाला यांनी १९७९ मध्ये मुंबईतल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचा अभ्यास छापला, त्यात बिडी ओढणाऱ्यांचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी नव्हे, जास्त आढळला. बिडी सारखी विझते, म्हणून सारखी ओढावी लागते, झुरके जास्त आणि खोल. अण्णांच्या आजाराच्या नऊ वर्षं आधी हे छापून आलं होतं. आपल्या बंदरावर ते पोचलं नाही.

मात्र जे ओढत नाहीत त्यांनी निश्चिंत होऊ नये. अण्णांनंतर पंधरा वर्षांनी माझ्या आईच्या एक्स-रेत हेच लिहून आलं, हृदय मोठं झालंय. माझे हातपाय गळाले. त्याच दिवशी इको करून घेतला. पाण्याचा थेंब नव्हता, गाठही नव्हती. उजवा कप्पा वाढला होता. जन्मात बिडीला हात न लावलेली बाई, पण चाळीस वर्षं ओल्या लाकडांच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली. घरात गॅस आला तरी भाकरी चुलीवरचीच गोड लागते म्हणून आम्ही पोरांनीच तिला उठू दिलं नाही. तिला मात्र त्या लघवीच्या गोळीनं आराम पडला. तीच गोळी. आईला तारणारी आणि अण्णांना बुडवणारी. दोघांच्या कागदावर शब्द एकच होते.

टीबीचंही बोललं पाहिजे. आपल्या देशात हृदयाभोवती पाणी होण्याचं एक मोठं कारण टीबी आहे, आणि फुफ्फुसातल्या डागालाही पहिला संशय टीबीचाच येतो. त्यामुळे कॅन्सरच्या माणसाला आधी काही महिने टीबीच्या गोळ्या चालू राहतात, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. उलटंही होतं. कॅन्सर आहे म्हणून पाणीही कॅन्सरचंच, असं धरून चालतात आणि निघतो टीबी, किंवा किरणांच्या उपचारानंतर आलेली साधी सूज. म्हणून काढलेलं पाणी तपासायला गेलंच पाहिजे. ते फेकून द्यायची वस्तू नव्हे.

आता माझ्या काल रात्रीच्या मित्राला. तू मागे बसला आहेस, मला दिसतोयस. काल नीट बोललो नाही, आज सांगतो. भावाचं हृदय मोठं झालं, म्हणजे नक्की काय झालं हे अजून कुणालाच माहीत नाही. इको झालाय का, एवढंच आज विचार. तो आडवा झोपू शकतो का, मानेच्या शिरा फुगल्यात का, उठून उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे वहिनींना विचार आणि डॉक्टरांना सांग. यातलं काही असेल तर उद्यावर ढकलायचं नाही, रविवार असला तरी नाही. पाणी असेल तर ते काढता येतं, आणि आराम मिनिटांत पडतो, दिवसांत नव्हे. पाण्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या तर आजार चौथ्या टप्प्यात गेला असं धरतात, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण १९८८ आणि आज यात फरक आहे. आज गाठीच्या तुकड्याची जनुकांची तपासणी होते, आणि ज्यांच्यात ठरावीक बदल सापडतात त्यांच्यासाठी तोंडानं घ्यायच्या गोळ्या आहेत. सगळ्यांना लागू पडत नाहीत. ज्यांना पडतात, त्यांच्यातले काही चौथ्या टप्प्यावरून वर्षानुवर्षं चालताना मी पाहिलेत. माझ्याकडे येणारा एकजण दर हापूसच्या मोसमात पेटी घेऊन येतो. मी नको म्हणतो, पण ऐकत नाही.

आणि बाकीच्यांना. आपल्यातले निम्मे मुंबई-पुण्याला, आईवडील इकडे. फोनवर कळतं, रिपोर्टात अमुक आलंय, आणि आपण तिथूनच गोळी सांगतो. डॉक्टर असलो तर चिठ्ठीसुद्धा पाठवतो. आज परळला टाटा रुग्णालयात पोचायच्या आधी बरंच काही इकडेच होऊ शकतं. इको चिपळूणला होतो, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. आमच्या वेळी रात्रीच्या गाडीची मागची सीट होती.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. मी उद्या दुपारच्या गाडीपर्यंत गावात आहे. ज्यांच्या घरी असे कागद पडलेले असतील त्यांनी सकाळी आठपासून शाळेच्या व्हरांड्यात घेऊन यावेत, मी बसतो. चहाची सोय संयोजकांनी करावी. रिपोर्ट आणलात तर फिल्मही आणा, नुसता कागद चालणार नाही. आणि फिल्म गुंडाळून, सुतळी बांधून आणू नका. मध्ये चीर पडते, मग नेमकी हवी ती जागा दिसत नाही.